‘अंश’ म्हणजे कशाचा अंश?

उन्हाळ्यातील सकाळची शाळा. पाचवीच्या वर्गात हवामानाचा पाठ चालू आहे. शिक्षकांनी फळ्यावर वाक्य लिहिले आहे : ‘काल मुदखेड येथील तापमान ४२ अंश होते.’ मागच्या ओळीतील एक मुलगी उभी राहते आणि विचारते, ‘गुरुजी, अंश बेचाळीस आहे, मग छेद किती?’ वर्ग हसतो. गुरुजींनाही हसू येते. ‘हा तो अंश नव्हे, खाली बस,’ असे सांगून ते पाठ पुढे नेतात. मुलगी खाली बसते, आणि पुन्हा प्रश्न विचारावयास ती सहजासहजी उभी राहत नाही.

हा प्रसंग कल्पिलेला असला, तरी तो कोणत्याही शाळेत घडण्यासारखा आहे. त्यात चूक कोणाची, हे पाहू गेल्यास उत्तर अनपेक्षित येते. मुलीचा प्रश्न चुकीचा नव्हता. आदल्याच महिन्यात तिला अपूर्णांक शिकविताना ‘वर असतो तो अंश, खाली असतो तो छेद’ असे सांगितलेले होते, आणि तिने ते लक्षात ठेवले होते. एका तासाला शिकलेला शब्द दुसऱ्या तासाला भेटताच तिने त्याची ओळख विचारली. शिवाय तिच्या प्रश्नास शास्त्रशुद्ध उत्तरही आहे. ते उत्तर देता यावे, यासाठी ‘अंश’ हा शब्द निरनिराळ्या शास्त्रांत कोणत्या अर्थाने वावरतो, हे शिक्षकांनी एकदा नीट पाहून घेणे इष्ट आहे.

व्यवहारातील अंश

‘अंश’ हा शब्द संस्कृतातून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ भाग, वाटा किंवा हिस्सा असा आहे. खेड्यातील निरक्षर मनुष्यही ‘हे लेकरू देवाचा अंश आहे’ असे म्हणतो आणि ‘त्याच्या बोलण्यात खऱ्याचा अंशसुद्धा नाही’ असेही म्हणतो. शिक्षकांच्या नित्य परिचयाच्या कागदपत्रांत तर हा शब्द पदोपदी आढळतो. ठराविक तासांपुरते काम करणारा तो अंशकालीन निदेशक. शासनाकडून खर्चाचा काही भागच मिळणारी ती अंशतः अनुदानित शाळा. निवृत्तिवेतनासाठी दरमहा वेतनातून कापला जातो तो भाग म्हणजे अंशदान.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. अंश म्हटला की ज्याचा तो अंश आहे असे काही पूर्ण त्याच्यामागे गृहीत धरलेले असते. अंशकालीन शब्दामागे पूर्ण वेळ असतो, अंशतः अनुदानामागे पूर्ण अनुदान असते आणि अंशदानामागे पूर्ण वेतन असते. बोलताना हे पूर्ण बहुधा उच्चारले जात नाही, कारण ते ऐकणाऱ्यास ठाऊक असते. शास्त्रांतही असेच घडते. फरक इतकाच, की तेथे ऐकणारा लहान मूल असतो आणि ते पूर्ण कोणते, हे त्याला ठाऊक नसते.

अंकगणितातील अंश

अंकगणितात हा शब्द आपल्या मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ आहे. एका भाकरीचे आठ सारखे भाग केले आणि त्यांतील तीन घेतले, तर ते ३/८ झाले. यातील ८ हा छेद. छेद म्हणजे कापणे. भाकरी किती ठिकाणी छेदली, हे तो सांगतो. ३ हा अंश. कापलेल्या भागांपैकी किती घेतले, हे तो सांगतो. मुलांनी ‘वरचा’ आणि ‘खालचा’ अशी खूणगाठ बांधण्याऐवजी ‘घेतलेले’ आणि ‘कापलेले’ अशी बांधली, तर पुढील अनेक घोटाळे टळतील.

हे दोन्ही शब्द या भूमीत फार जुने आहेत. सह्याद्रीच्या परिसरात राहणाऱ्या भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा, आणि त्यांचा ‘लीलावती’ हा गणितग्रंथ ११५० सालचा. त्या ग्रंथात अपूर्णांकाच्या वरच्या संख्येस अंश आणि खालच्या संख्येस हर किंवा छेद म्हटले आहे. त्या काळी दोन्ही संख्या एकीखाली एक लिहीत, मधली आडवी रेघ मात्र देत नसत. रेघ पुढे अरब गणितज्ञांकडून रूढ झाली. तेव्हा आज मुलांच्या पाटीवर दिसणारी रेघ बाहेरून आलेली आहे आणि तिच्या वरचा शब्द येथलाच आहे.

अंश एकटा काहीच सांगत नाही, हे मुलांना पैशाच्या उदाहरणाने चांगले समजते. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी सुरू झाली. तोपर्यंत रुपयाचे सोळा आणे होत. त्यानंतर शंभर नवे पैसे झाले. तीन आणे म्हणजे रुपयाचे ३/१६ आणि तीन पैसे म्हणजे ३/१००. दोन्हींत अंश तीनच, परंतु तीन आण्यांत तीन पैशांच्या सहापटीहून अधिक किंमत होती. ‘तीन’ या अंकाने हा फरक कळत नाही, तो छेदाने कळतो.

वर्तुळातील अंश

भूमितीत कोन अंशांनी मोजतात. येथे मुलांना छेद कोठेच दिसत नाही. कोनमापकावर ० पासून १८० पर्यंत आकडे असतात आणि मूल ते रेषा जुळवून वाचते. ४५ अंश म्हणजे कशाचे पंचेचाळीस भाग, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

वास्तविक येथेही छेद आहे, आणि तो ३६० आहे. एका बिंदूभोवतीच्या पूर्ण फेरीचे ३६० समान भाग करावयाचे आणि त्यांतील एका भागास एक अंश म्हणावयाचे, असा हा संकेत आहे. म्हणून काटकोन म्हणजे पूर्ण फेरीचे ९०/३६०, अर्थात पाव फेरी. सर्वांनी हा छेद मान्य केल्यामुळे तो दर वेळी लिहिण्याची गरज उरली नाही. ३६० ही संख्या कोणा एकाने मनाला येईल तशी निवडली असेही नाही. प्राचीन बाबिलोनमध्ये साठाच्या पटीत मोजण्याची रीत होती व तेथील ज्योतिषातून हा विभाग जगभर पसरला. वर्षाचे दिवसही साधारण तितकेच. शिवाय ३६० ला २, ३, ४, ५, ६, ८, ९, १०, १२ अशा अनेक संख्यांनी निःशेष भाग जातो, म्हणून वर्तुळाचे समान भाग पाडण्यास ती सोयीची ठरते.

आपल्याकडील ज्योतिषातही अंश याच अर्थाने आहे. तीस अंशांची एक रास, आणि बारा राशींचे ३६० अंश. घरोघरी भिंतीवर टांगलेल्या पंचांगातील तिथीसुद्धा अंशांवरच बेतलेली आहे. आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यामधील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. अमावास्येच्या अंती हे अंतर शून्य असते व पौर्णिमेच्या अंती १८० अंश. अशा तीस तिथी झाल्या की ३६० अंशांची फेरी पूर्ण होते. चंद्राची गती सदैव सारखी नसल्यामुळे बारा अंश तुटावयास कधी कमी तास लागतात, कधी अधिक. क्षय तिथी आणि वृद्धी तिथी यांचे कारण हेच. ज्या मुलाच्या आजीला आजची तिथी तोंडपाठ असते, त्या मुलाच्या घरात अंश ही वस्तू पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे.

एक अंश फार मोठा वाटला तर त्याचे साठ भाग करतात. त्यांना जुन्या भाषेत कला म्हणत, आणि कलेच्या साठाव्या भागास विकला. आता मिनिट व सेकंद हे शब्द रूढ आहेत. हे शब्द घड्याळाचेही आहेत, म्हणून येथेही मुलांचा घोटाळा होतो. कोनाचे मिनिट आणि वेळेचे मिनिट ही निरनिराळी मापे आहेत, हे स्पष्ट सांगावे लागते.

पृथ्वीवरील अंश

भूगोलात अक्षांश व रेखांश येतात. हे दोन्ही शब्द फोडून दाखविले की त्यांतील ‘अंश’ मुलांच्या डोळ्यांपुढे येतो. पृथ्वीच्या गोलावर काढलेल्या वर्तुळांचेच हे अंश आहेत. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत पाव वर्तुळ असते, म्हणून अक्षांश ९० च्या पुढे जात नाहीत. रेखांश शून्य रेषेपासून पूर्वेस आणि पश्चिमेस अर्धे अर्धे वर्तुळ मोजतात, म्हणून ते १८० पर्यंत जातात. कारण न सांगता हे दोन आकडे पाठ करून घेतले, तर मुले त्यांची अदलाबदल करतात.

मुदखेड सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आणि सुमारे साडेसत्त्याहत्तर अंश पूर्व रेखांशावर आहे. नकाशाच्या कडेला छापलेल्या या आकड्यांचा खराखुरा अनुभव गावातच घेता येतो. रात्री उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. हात समोर ताठ धरून मूठ वळली, की मुठीची रुंदी डोळ्यापाशी सुमारे दहा अंशांचा कोन करते. क्षितिजापासून दोन मुठी वर, किंचित खाली, ध्रुवतारा सापडतो. ज्या गावाचा जितका अक्षांश, जवळजवळ तितकाच ध्रुवताऱ्याचा क्षितिजापासून कोन. मुदखेडचा अक्षांश अशा रीतीने मुलांना स्वतःच्या मुठीने मोजता येतो. त्याचप्रमाणे मे महिन्याच्या मध्यास व जुलैच्या अखेरच्या आठवड्यात भर मध्यान्ही सूर्य येथे थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. जुलैमध्ये बहुधा ढग असतात व मेमध्ये शाळेस सुटी असते; म्हणून हा प्रयोग सुटीतील घरच्या अंगणाचा म्हणून सांगावा.

रेखांशाचा संबंध घड्याळाशी आहे. पृथ्वी ३६० अंशांची फेरी २४ तासांत, म्हणजे १४४० मिनिटांत पुरी करते. तेव्हा एका अंशास चार मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर ठरविलेली आहे. मुदखेड त्या रेषेच्या पाच अंश पश्चिमेस असल्यामुळे येथे सूर्य माथ्यावर येण्यास घड्याळातील बारांनंतर साधारण वीस मिनिटे लागतात. वर्षभरात ही वेळ सुमारे पाव तास मागेपुढे सरकते, तरी सरासरी हीच. म्हणून ‘बरोबर बारा वाजता सावली सर्वांत लहान असते’ हे वाक्य शाळेच्या अंगणात पडताळून पाहिले की खोटे ठरते. मुलांनी ते खोटे ठरवावे, हेच शिक्षण होय.

मुदखेड हे रेल्वेचे जंक्शन. मनमाड–सिकंदराबाद मार्गावरून येथे आदिलाबादकडे जाणारा फाटा निघतो. आदिलाबादचा रेखांश सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर अंश पूर्व, म्हणजे मुदखेडपेक्षा एका अंशाने अधिक. त्या गाडीने आदिलाबादला जाणारा प्रवासी एक अंश पूर्वेस सरकतो. दोन्ही स्थानकांवरील घड्याळे एकच वेळ दाखवितात, परंतु आदिलाबादला सूर्य चार मिनिटे आधी माथ्यावर येतो. एक अंश म्हणजे केवढा, हे त्या गाडीत बसलेल्या मुलास अधिक नीट सांगता येईल.

या भागात अंशाचे माप प्रत्यक्ष जमिनीवर घेण्याचा एक मोठा उद्योगही पूर्वी झालेला आहे. विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून दक्षिणोत्तर मोजणीस आरंभ केला. ही मोजणी ७८ अंश पूर्व रेखांशाच्या आसपासच्या पट्ट्यातून, म्हणजे मुदखेडपासून फार दूर नाही अशा प्रदेशातून, उत्तरेकडे सरकत गेली. लॅम्बटन हे १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे काम चालू असतानाच वारले, आणि पुढील काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. अक्षांशाच्या एका अंशाची जमिनीवरील लांबी किती भरते, हा त्या मोजणीतील एक प्रमुख प्रश्न होता. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे ही लांबी सर्वत्र सारखी नसते. विषुववृत्तापाशी ती सुमारे ११०.६ किलोमीटर असते आणि ध्रुवांपाशी सुमारे १११.७. रेखांशाच्या अंशाची लांबी तर विषुववृत्तापासून दूर जावे तशी झपाट्याने घटते. मुदखेडच्या अक्षांशावर ती सुमारे १०५ किलोमीटर आहे आणि ध्रुवावर शून्य. तात्पर्य, अंश हे किलोमीटरसारखे लांबीचे माप नाही. वर्तुळ लहान झाले की त्याचा अंशही लहान होतो, जशी लहान भाकरीची चतकोर लहानच असते.

उष्णतामापकातील अंश

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. तापमान ४२ अंश असेल, तर छेद किती?

छेद शंभर. स्वीडनमधील ज्योतिषी अँडर्स सेल्सिअस याने १७४२ साली दोन स्थिर खुणा धरल्या. एक खूण बर्फ वितळण्याची व दुसरी पाणी उकळण्याची. दोहोंमधील अंतराचे त्याने शंभर समान भाग केले. गमतीची गोष्ट अशी की, त्याने उकळत्या पाण्यास शून्य आणि बर्फास शंभर म्हटले होते. १७४४ साली तो वारल्यानंतर लवकरच हा क्रम उलटा करण्यात आला. या मापास पूर्वी सेंटिग्रेड म्हणत. त्यातील ‘सेंटि’ म्हणजे शंभर, हा छेदच होय. १९४८ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘सेल्सिअस’ हे नाव नक्की केले, आणि शब्दातील छेद पुन्हा दिसेनासा झाला.

म्हणून ‘४२ अंश सेल्सिअस’ याचा अर्थ असा : बर्फापासून उकळत्या पाण्यापर्यंतच्या वाटेची शंभर समान पावले पाडली, तर कालची हवा बेचाळिसाव्या पावलावर होती. ही वाट शंभराशी संपत नाही. लोखंड वितळते ते सुमारे १५३८ अंशांवर. अंकगणितात ज्यास अंशाधिक अपूर्णांक म्हणतात, तसाच हा प्रकार समजावा. शून्याच्या खालीही तापमान असते आणि ते ऋण संख्येने दाखवितात. आज या मापाची काटेकोर व्याख्या पाण्याच्या खुणांवर अवलंबून नाही. २०१९ पासून ती निसर्गातील एका स्थिरांकावर आधारलेली आहे. परंतु नित्य व्यवहारात व शाळेत शंभर भागांची कल्पना पूर्वीइतकीच उपयोगी आहे.

आता दुसरी अडचण पाहावी. घरी आजारी असलेल्या भावास ‘एकशेदोन ताप आहे’ असे डॉक्टर सांगतात. शाळेत मात्र ‘पाणी शंभर अंशांवर उकळते’ असे शिकविले जाते. विचार करणाऱ्या मुलास येथे भीती वाटणे साहजिक आहे. भावाचे अंग उकळत्या पाण्यापेक्षाही अधिक तापले काय? याचे निरसन एका वाक्यात होते. डॉक्टरांचा अंश फॅरनहाइटचा आहे. त्या मापात बर्फाची खूण ३२ वर आणि उकळत्या पाण्याची २१२ वर असते, म्हणजे तेवढ्याच वाटेचे तेथे १८० भाग केलेले असतात. भाग अधिक, म्हणून प्रत्येक अंश लहान. फॅरनहाइटचे १०२ अंश म्हणजे सेल्सिअसचे सुमारे ३९. निरोगी शरीराचे तापमान एका मापाने सुमारे ९८.६ व दुसऱ्याने ३७ भरते. आण्यांचा आणि पैशांचा जो संबंध वर सांगितला, तोच येथे आहे.

तापमानाचा अंश इतर अंशांपेक्षा आणखी एका बाबतीत निराळा आहे, आणि ती बाब मुलांस प्रयोगानेच पटते. ३० अंशांच्या कोनास ३० अंशांचा कोन जोडला, तर ६० अंशांचा कोन होतो. भाकरीच्या ३/८ भागास ३/८ भाग जोडला, तर ६/८ होतात. परंतु ३० अंश तापमानाच्या तांब्याभर पाण्यात तितक्याच तापमानाचे तांब्याभर पाणी ओतले, तर तापमान ६० अंश होत नाही. ते तीसच राहते. पाणी दुप्पट झाले, उष्णता दुप्पट झाली, पण वाटेवरील पाऊल तेच राहिले. त्याचप्रमाणे ४० अंशांचा दिवस २० अंशांच्या दिवसाच्या ‘दुप्पट उष्ण’ नसतो, कारण सेल्सिअसचे शून्य म्हणजे उष्णतेचा अभाव नव्हे. ती केवळ बर्फाची खूण आहे. खऱ्या शून्यापासून मोजणारे माप केल्विनचे, आणि १९६७ साली त्या मापाच्या नावातून ‘अंश’ हा शब्द आंतरराष्ट्रीय परिषदेने काढूनच टाकला. आता नुसते ‘३०० केल्विन’ असे म्हणतात. परिभाषाही काळानुसार शुद्ध होत जाते, याचे हे एक उदाहरण.

इतर भाषांतील शब्द

येथे मराठवाड्याच्या इतिहासाची थोडी आठवण करणे अप्रस्तुत होणार नाही. नांदेड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचे ठरविले, आणि त्यासाठी तेथील भाषांतर विभागाने शास्त्रीय संज्ञा मोठ्या प्रमाणावर तयार केल्या. संस्थानाच्या सरकारी शिक्षणातही उर्दूचे प्राबल्य होते. १९५६ साली हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, आणि १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. या अवधीत येथील शाळेची परिभाषा बदलली.

उर्दू गणितात अपूर्णांकाच्या वरच्या संख्येस ‘शुमार कुनिंदा’ म्हणतात व खालच्या संख्येस ‘नसब नुमा’. कोनाच्या आणि तापमानाच्या मापास मात्र ‘दर्जा’ हा अगदी वेगळा शब्द आहे. नांदेड जिल्ह्यातील उर्दू माध्यमाच्या शाळेत बसणाऱ्या मुलास म्हणूनच त्या मुलीचा प्रश्न पडणार नाही. त्याच्या भाषेत या दोन वस्तूंची नावे मुळातच भिन्न आहेत. इंग्रजीतही अपूर्णांकाचा अंश आणि कोनाचा अंश यांना निराळे शब्द आहेत. तेथील अडचण दुसऱ्याच बाजूला आहे. ‘डिग्री’ हा एकच इंग्रजी शब्द कोनास, तापमानास, बीजगणितातील बहुपदीस आणि विद्यापीठाच्या परीक्षेस लावतात. मराठीत यांसाठी अंश, कोटी आणि पदवी असे स्वतंत्र शब्द असल्यामुळे आपल्या मुलांस तो त्रास होत नाही.

यावरून कोणती भाषा श्रेष्ठ हे ठरत नाही. प्रत्येक भाषा अर्थांची विभागणी आपल्या रीतीने करते, आणि प्रत्येक रीतीत काही सोय व काही अडचण असते. मराठीने कोनाचा अंश व अपूर्णांकाचा अंश यांना एकच नाव ठेवले, त्यामुळे घोटाळा होतो हे खरे. पण त्याच नावामुळे कोन, अक्षांश आणि तापमान यांच्या तळाशी ‘भाग पाडणे’ ही एकच क्रिया आहे, हे मराठी मुलास इतरांपेक्षा लवकर दिसू शकते. ते त्याला दाखवावयाचे की नाही, हे शिक्षकावर अवलंबून आहे.

वर्गात काय करता येईल

पहिली गोष्ट, ‘अंश’ हा शब्द नव्या पाठात प्रथम येईल तेव्हा शिक्षकांनी दोन प्रश्न फळ्यावर लिहावेत : कशाचा अंश? एकूण भाग किती? भाकरीसाठी उत्तर ‘भाकरीचा, आठ’. कोनासाठी ‘पूर्ण फेरीचा, तीनशे साठ’. सेल्सिअससाठी ‘बर्फ ते उकळते पाणी या अंतराचा, शंभर’. फॅरनहाइटसाठी ‘त्याच अंतराचा, एकशे ऐंशी’. ही चार उत्तरे एका तक्त्यावर लिहून भिंतीवर लावावीत. तक्ता मुलांच्याच हातचा असावा.

दुसरी गोष्ट, साहित्य घरचेच वापरावे. कागदाचे वर्तुळ एकदा दुमडले की १८० अंश, दोनदा दुमडले की ९०, तीनदा दुमडले की ४५. मैदानावर दोरीने वर्तुळ आखून परिघावर समान अंतराने छत्तीस खडे ठेवावेत. मध्यबिंदूपाशी उभा राहिलेला मुलगा एका खड्याकडून शेजारच्या खड्याकडे वळला की दहा अंश वळला. लहान वर्तुळातही तो तितकाच वळतो, खड्यांमधील अंतर तेवढे कमी होते. दोन तांब्यांच्या पाण्याचा प्रयोग साध्या उष्णतामापकाने करता येतो. मात्र ताप पाहण्याची नळी त्यासाठी वापरू नये, कारण ती थोड्याच अंशांपुरती केलेली असते.

तिसरी गोष्ट, तापमान लिहिताना मापाचे नाव कधीही गाळू नये. फळ्यावरील ‘४२ अंश’ हे वाक्य अपुरे होते. ‘४२ अंश सेल्सिअस’ असे हवे होते. मुलीच्या मनात प्रश्न उठण्यास ही उणीवही काही अंशी कारण झाली.

चौथी गोष्ट याच मार्गाने इतर शब्दांची. ‘धातू’ हा शब्द लोहाराच्या भट्टीपाशी, व्याकरणाच्या पुस्तकात व वैद्याच्या बोलण्यात तीन अर्थांनी येतो. ‘गुण’ उत्तरपत्रिकेवर असतात, औषधाचा येतो, आणि गुणाकारातही असतो. ‘रास’ धान्याची असते व आकाशातीलही असते. असा शब्द आला की त्याचे क्षेत्र सांगावे, आणि त्या सर्व अर्थांना जोडणारा धागा असल्यास तो दाखवावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. मुलाचे उत्तर किंवा प्रश्न विचित्र वाटला, तर त्यावर फुली मारण्यापूर्वी अथवा हसण्यापूर्वी ते तेथवर कसे पोचले, हे त्याला विचारावे. पुष्कळदा असे आढळेल की मूल नीट चालत आले आहे. एक शब्द दोन ठिकाणी भेटला म्हणून तेवढ्यापुरते थबकले आहे. अशा वेळी मिळालेले एक वाक्याचे उत्तर त्याला वर्षभर पुरते, आणि एक हसू त्याला वर्षभर गप्प बसविते.

मागच्या ओळीतील त्या मुलीस गुरुजींनी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे करावे. तिचाच प्रश्न फळ्यावर लिहावा, त्याखाली आडवी रेघ ओढावी आणि रेघेखाली शंभर हा आकडा तिच्याच हाताने लिहवून घ्यावा.